अस्वल बोलत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज पोटात चार बुक्के आणि एक लाथ. पोटाला जाड स्पंज आहे म्हणून निभावलं — एक्कावन्नाव्या वर्षी कोण सोसणार!

अस्वलाचा तिसरा आठवडा. खेळण्यांच्या दुकानाच्या दारात उभं राहायचं. अंतराळवीराचा पोशाख घातलेलं, माझ्याहून हातभर उंच अस्वल. वीस मिनिटं अस्वलाच्या आत, मग दहा मिनिटं गोदामात डोकं काढून बसायचं, पुन्हा आत. बाहेरचं दिसतं ते अस्वलाच्या तोंडातल्या जाळीतून. डोक्यात चिमुकला पंखा आहे. त्याची बॅटरी संपली की सोडलेला श्वास परत आपल्याच नाकात.

मॅनेजर पोरगेला आहे, मला काकू म्हणतो. पहिल्याच दिवशी त्याने नियम सांगितला, "काकू, अस्वल बोलत नाही. आवाज आला की जादू संपली." मी मान डोलावली. मान डोलावली की ते डोकं कपाळावर आपटतं.

आत्याला घरी सांगितलं तेव्हा ती खो खो हसली. "जन्मभर बोललीस, दमडी मिळाली नाही. आता गप्प बसायचा पगार घेतेस!"

वाचनालय बंद होऊन अकरा महिने झाले. एकोणीस वर्षं मुलांना पुस्तकं दिली. त्यानंतर माझ्यासाठी उघडलेलं हे एकच दार, आणि त्या दारातच मला उभं केलंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाला अजून सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

लाँड्रीच्या माडीवर दर शनिवारी आम्ही तेरा जण जमतो. कॉमिक्सवाले, बोर्डगेमवाले, यंत्रमानव-राक्षस-अंतराळयानं यांच्यासाठी जीव टाकणारे. आणि सगळ्यांचे खिसे फाटके. म्हणून नाव काटकसर मंडळ. गेल्या वर्षी मीच शपथ लिहिली — वर्षभर नवं काही विकत घेणार नाही. मागू, बदलू, दुरुस्त करू, बनवू! खालून इस्त्रीची वाफ येत होती, आणि तेराही जण हात वर करून उभे होते. काय तो आवाज!

त्या शपथेची अध्यक्ष दिवसभर दुकानाच्या दारात लोकांना आत बोलावते. तेही हात हलवून.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते.

आधी ठरलेला विषय घेतला — चिलखत कसं करावं. व्यायामशाळेत अंथरतात तसली फोमची जुनी चटई मिळवा. कागदावर आकार कापून स्वतःच्या अंगावर लावून बघा, मगच चटईला सुरी लावा. गोंद दोन्ही कडांना लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबा — घाई केली की सुटलंच म्हणून समजा. खिडकी उघडी ठेवा. रंगाआधी पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे तीन हात, प्रत्येक हात वाळवून. नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो आणि आपण दुकानाला शिव्या घालतो.

कंपाउंडरने त्याचं अर्धं झालेलं चिलखत दाखवलं. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचं! दवाखान्यातून दोन वर्षं जमवलेली चांदीची पाकिटं, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक शिवलेली. शिवणवालीने शिलाई उलटसुलट करून पाहिली. "दोरा दुहेरी घे रे, नाहीतर रस्त्यात औषधं सांडशील." सगळे हसले. कंपाउंडर लाजला. तो बोलताना अडखळतो, म्हणून फारसं बोलतच नाही.

मी घसा साफ केला. "एक सांगायचंय—"

तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "बाई, ऐकलंत? दोन मार्चला त्या अस्वलाच्या दुकानात पोलादी पहारेकरी येतोय, तो नवा यंत्रमानव. मोजकेच नग. लोक पहाटेपासून रांग लावणार म्हणतात."

बस्स! जीभ पुढे, मी मागे. त्या कंपन्या आपल्याला गोष्ट विकतात असं वाटतं का तुम्हाला? गोष्ट आपल्याला केव्हाच मिळाली — आठव्या वर्षी, पालथं पडून वाचलेल्या फाटक्या पानांतून. ते विकतात तो फक्त डबा! 'मोजकेच नग' हा शब्द नाही, चाबूक आहे! प्रेम सिद्ध करायला पावती लागत नाही! आणि मग — जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही — दोन मार्चला सकाळी दहाला आपण सगळे त्या दुकानाच्या दारात उभे राहू! आपण बनवलेलं अंगावर घालून! रांगेतल्या प्रत्येकाला सांगू!

टाळ्या. शिट्ट्या. खालून लाँड्रीवाल्याने छताला काठी ठोकली.

कंपाउंडर म्हणाला, "भा-भाषण तुम्हीच करणार ना, बाई?"

"मीच!"

जिना उतरताना लक्षात आलं. कुठल्या दारात.

९ फेब्रुवारी, रविवार

मॅनेजरने सगळ्यांना गोळा करून सांगितलं — दोन मार्चला कोणालाही सुट्टी नाही. "आणि काकू, अस्वल नऊपासून दारात. त्या दिवशी अस्वलच आपला हिरो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

तरीही सुट्टी मागितली. आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, अशी थाप. मॅनेजर कळवळला. म्हणाला, "तारीख पुढे ढकला ना काकू. गाडी मी देतो. तुमच्यासारखं शांत अस्वल आम्हाला आजवर मिळालेलं नाही. आधीचा सारखा बडबडायचा."

शांत! मी! कॉलेजात सलग तीन वर्षं वादविवादाची ढाल कोणी आणली!

आत्या चिडली. "माझे डोळे धडधाकट आहेत. तुझ्या थापांसाठी मला आंधळी करू नकोस."

"मग काय करू?"

"नोकरी सोड, नाहीतर मंडळाला सांग. तिसरं काय आहे त्यात?"

तिला सोपं आहे. ती कधी बारा माणसांसमोर उभी राहिलेली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोर्चाची तारीख बदलू या, असं सुचवून पाहिलं. ऊन वाढतंय, चिलखतं जड आहेत वगैरे. शिवणवाली उसळली, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, सोयीने येते ती निष्ठा नव्हे, सवय!" म्हणाले होते. गेल्या जूनमध्ये. हिने लिहून ठेवलंय!

बाकी विषय वाकलेल्या तलवारींचा. प्लास्टिकची तलवार, भाला, पंख वाकला तर टाकू नका. हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी घ्या, उकळतं नको. अर्धं मिनिट बुडवा, सरळ करा, सरळ धरूनच गार पाण्यात घाला. कंपाउंडरने सगळ्यांना औषधांच्या बाटल्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या वाटल्या — कॉमिक्सच्या खोक्यात टाकायला. प्रत्येकी सहा. कोणाला सात गेल्या का म्हणून पुन्हा मोजल्या. इतका सरळ माणूस.

मोर्चावर कोणीच मागे हटेना. मीच शिकवलंय त्यांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज फार जीव घुसमटला.

एक बाई आणि तिची लेक, आठ-नऊ वर्षांची. पोरगी काचेआडच्या ड्रॅगनच्या खेळाकडे बघत हुंदके देत होती. आई तिच्या कानात म्हणत होती, "अगं, पुढच्या महिन्यात बघू." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. सगळं ओठांवर आलं होतं! बाई, तो खेळ आधी कोणाकडे तरी खेळून बघा — हवेसे वाटलेले दहा खेळ एकदा खेळले की दोनच हवे राहतात. चार घरं मिळून एक वापरलेला घ्या, पाळीने ठेवा. दुसऱ्याला देताना सोंगट्या समोरासमोर मोजून द्या, म्हणजे भांडण नाही. आणि पोरीला एक वही द्या. हवं ते तारीख घालून लिहायचं, साठ दिवसांनी वाचायचं. निम्मं ती स्वतःच खोडेल.

अस्वलाने काय केलं? हात हलवला. डोकं डावीकडे, डोकं उजवीकडे. पोरगी रडता रडता हसली आणि आईला म्हणाली, "ते आपल्याला आत बोलावतंय."

आणि त्या आत गेल्या.

गोदामात दहा मिनिटं बसले तेव्हा पंखा बंद होता, तरी डोकं काढलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी थाप. मंडळात पाटीवर लिहून दाखवलं — घसा बसलाय, डॉक्टरांनी पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही म्हणून बजावलंय. मोर्चात भाषण कंपाउंडर करेल.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मी? बा-बाई, मी तर—"

मी लिहिलं, भाषण लिहून देते. तू फक्त वाच.

मग तो दवाखान्याच्या भाषेत शिरला. "कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं? तपासलं का आत? थुंकीत रक्त?" मी नुसती मान हलवत होते. ड्रायव्हर म्हणाला, "बघा, तोफेला गंज चढला!" आणि शिवणवालीने त्याला कोपर मारलं. चेष्टा नको, बाईंना किती यातना होत असतील.

आता दुकानात मुकी आणि मंडळातही मुकी. बोलायला उरली फक्त आत्या, आणि तिला माझं ऐकायचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कंपाउंडर घरी येऊन गुळण्यांचं औषध ठेवून गेला. मी आतल्या खोलीत लपले. आत्याने दार उघडलं. तो गेल्यावर आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाटलीवर वेळा लिहून दिल्यात त्याने. सुवाच्य अक्षरात."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चिठ्ठ्या लिहून लिहून त्याला शिकवतेय. श्वास कुठे, थांबायचं कुठे, आवाज चढवायचा कुठे. तो वाचतो, अडतो, घाम पुसतो. 'ग्राहक' शब्दावर दर वेळी गाडी रुतते. मी म्हटलं — लिहिलं — शब्द बदलू का? "नको. तु-तुमचा शब्द आहे."

आत्याचं म्हणणं, अजून वेळ गेलेली नाही. उद्या सांगेन.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही सांगितलं.

१ मार्च, शनिवार

मंडळात वेषांची रंगीत तालीम. पडद्याच्या कापडाचे झगे, फोमचे खांदे, पुठ्ठ्याची शिरस्त्राणं. वर्षभर शिकवलेलं सगळं अंगावर घेऊन उभे होते. मला पाटीवर एवढंच लिहिता आलं — सुंदर.

२ मार्च, रविवार

आजच लिहायचं.

नऊला डोकं चढवलं. रांग कोपऱ्यावरून पलीकडच्या गल्लीत वळली होती. बरोबर दहाला माझी माणसं आली. बारा जण. समोरच्या पायरीवर उभे राहिले. कंपाउंडरचं चिलखत असं चमकत होतं की रांगेतल्या लोकांनी फोनच बाहेर काढले. "कशाचं आहे हो?" "गोळ्यांच्या पा-पाकिटांचं." "काय सांगता!"

मग त्याने कागद उघडला. पहिला परिच्छेद निभावला. "आम्ही ग्रा— ग्रा—" तिथेच. रांगेतून कोणी तरी ओरडलं, "गोळी घे रे एखादी!" लोक हसले. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. कागद इतका हलत होता की वाचणं शक्यच नव्हतं. शिवणवाली मान खाली घालून उभी. तो माझ्या शब्दावर अडला होता, माझ्यामुळे तिथे उभा होता, आणि मी चार पावलांवर हात हलवत होते!

मॅनेजर दाराआडून खुणावत होता — काकू, जा, नाचा त्यांच्यासमोर, हसण्यावारी न्या.

गेले. नाचत नाचत गेले. लोकांनी टाळ्या पिटल्या. पायरीवर चढले, कंपाउंडरच्या खांद्यावर पंजा टाकला, आणि अस्वलाचं तोंड त्याच्या कानाला लावून कुजबुजले, "श्वास घे. ग्राहक सोड. म्हण, आम्ही वारस आहोत."

तो गोठला. एक क्षण वाटलं, वळणार आणि माझं डोकंच उपटणार. वळला नाही. समोर बघत म्हणाला, "आम्ही वारस आहोत!"

"या सगळ्या गोष्टींचे."

"या सगळ्या गोष्टींचे!"

"वारसाला रांग लावावी लागत नाही."

एकही अक्षर अडलं नाही. मी एक वाक्य टाकायची, तो उचलायचा. कागद केव्हा गळून पडला कळलं नाही. लिहिलेलं संपलं तरी मी थांबले नाही. आयुष्यात असं बोलले नाही कधी! त्या रडणाऱ्या पोरीचं सांगितलं, हव्या-नकोच्या वहीचं सांगितलं. ज्यांना घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्या, पण घरी जाऊन डबा फोडा, खेळा, तुटू द्या, पुन्हा चिकटवा — कपाटात मोहोरबंद पुरू नका! त्याचा आवाज चढत गेला. तो मोठा आवाज कुठून आणला त्याने! पंधरा मिनिटं. मग वीस. पंखा बंद पडला, घाम डोळ्यांत गेला, आतून काही दिसेना. नुसता ऐकू येत होता तो, आणि शेवटी टाळ्या. पाऊस पडावा तशा.

रांग हलली नाही म्हणा. तिघे निघून गेले, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पहारेकरी घेतला. एक वाजता नग संपले.

मॅनेजर खूश. "काकू, काय सांभाळलंत! नुसतं खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिलात. लोकांना वाटलं, आपणच ठेवलाय कार्यक्रम."

संध्याकाळी कंपाउंडर घरी आला. या वेळी दार मीच उघडलं. तोंड उघडलं तर आवाज नाही — खरंच नाही! त्या बंद डोक्यात कुजबुजून कुजबुजून घसा ठार बसला होता.

"गुळण्या चालू ठेवा, बाई," म्हणाला. मग चप्पल घालताना, "त्या दुकानातलं अस्वल भलं माणूस आहे."

३ मार्च, सोमवार

तो काही विचारत नाही, हेच सहन होत नाही. अर्धा दिवस अस्वल नीट हात हलवत नव्हतं. मॅनेजरने विचारलं, बरं नाही का?

४ मार्च, मंगळवार

ड्रायव्हरचा निरोप — शनिवारी कंपाउंडरला हार घालायचा. माझ्या हस्ते. म्हणजे माझ्या शब्दांसाठी मीच त्याला हार घालायचा, आणि त्याने गप्प राहायचं. सरळ माणसाला लबाड केलं मी.

आत्याला म्हटलं, शनिवारी सांगणार. ती भाजी निवडत होती. "सांगशील तेव्हा लांबड लावू नकोस. भाषण नको."

६ मार्च, गुरुवार

वाक्यं जुळवत बसले. सगळी भाषणासारखीच होतात. फाडली. मंडळ हातचं सुटणार. सुटू दे, निदान मी तरी यातून सुटेन.

८ मार्च, शनिवार

सांगितलं. चार वाक्यांत. अस्वल मी आहे. घसा बसला नव्हता. रविवारचे शब्द त्याच्या कानात मीच घातले. शपथ मोडली ती मी.

लाँड्रीची वाफ येत होती. कंपाउंडर हार हातात धरून उभा.

मग शिवणवाली म्हणाली, "बाई... माझ्याकडे तो पहारेकरी आहे. पलंगाखाली, चादरीत गुंडाळून."

ड्रायव्हर म्हणाला, "माझ्याकडेही. डिकीत."

मग एकेक हात वर. कोणाकडे पत्त्यांची नवी पाकिटं, कोणाकडे खेळ, कोणाकडे अख्खं कपाट. बारांपैकी अकरा! आणि शेवटी बारावा, कंपाउंडर, कानापर्यंत लाल. "मी रविवारीच... भाषण सं-संपल्यावर... मागच्या दाराने."

"अरे, वर्षभर! मग मला सांगितलं का नाही कोणी?"

शिवणवाली हळूच म्हणाली,

"तुम्हाला, बाई?"